जोत्यावर काम का थांबवलं: एकच स्टार दिलेल्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई,

तुमच्या घराचं बांधकाम आमच्याकडे आहे, त्याबद्दलचा तुमचा अभिप्राय वाचला. जोत्यावर, म्हणजे पाया जमिनीच्या वर आल्यावर, 19 दिवस काम बंद ठेवलं, बाजूचा जिना करून दिला नाही, कॉलमच्या उभ्या सळयांभोवती बांधलेल्या रिंगा सोडवल्या आणि ‘ह्यांच्याकडे साधं लायसनही नाही’, असं तुम्ही लिहिलंय.

पहिल्या तक्रारीत आमची चूक आहे. जोतं झालं की नगरपरिषदेला कळवायचं, त्यांच्या इंजिनिअरनी जागेवर येऊन मंजूर नकाशाशी मापं ताडायची आणि मगच वर चढायचं. यात दिवस जातात हे करार करतानाच सांगायला हवं होतं, ते मी सांगितलं नाही. तुम्ही भाड्याच्या घरात एकेक दिवस मोजत होता. त्या दिवसांचं कॉलम ओतायच्या पेट्यांचं (साच्यांचं) भाडं, 8,500 रुपये, तुमच्या नावावर लागलंय. ते शेवटच्या बिलातून वजा करतो.

पण तपासणीआधी कॉलम उभे केले नाहीत, याबद्दल माफी मागणार नाही. आमच्याच एका जुन्या कामात मागचं जोतं फूटभर बाहेर गेलेलं टेप लावल्यावरच कळलं होतं. तेव्हा चार थर काढून भागलं. वर स्लॅब पडला असता तर काय काढलं असतं? शेजाऱ्यांकडे कुणी तपासायला आलं नाही म्हणता, पण राज्याच्या 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत 150 चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला परवानगीची पद्धत सोपी केली आहे. तुमचा प्लॉट 210 चौरस मीटरचा आहे.

जिना तुम्हाला साइड मार्जिनमध्ये, म्हणजे घराच्या बाजूला सोडायच्या जागेत हवा होता. ती जागा नकाशात मोकळी दाखवून मंजुरी घेतलीय. तिथे पायऱ्या बांधल्या की भोगवटा प्रमाणपत्र (राहायला जायची परवानगी) अडकतं आणि नगररचना कायद्याच्या कलम 53 खाली पाडायची नोटीस येऊ शकते. ती मालकाच्या, म्हणजे तुमच्या नावाने येते.

लायसनचं म्हणाल तर खासगी घर बांधणाऱ्या ठेकेदाराला आपल्या राज्यात तसं वेगळं लायसनच नाही, आणि हे मला स्वतःला खटकतं. कुणीही थापी हातात घेतो आणि ठेकेदार होतो. नोंदणी किंवा लायसन असतं ते आर्किटेक्टचं, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं, वायरिंगच्या ठेकेदाराचं. तिघांचेही नंबर तुमच्या फाइलीच्या पहिल्याच पानावर आहेत.

आता रिंगा. बांधलेलं काम डोळ्यांदेखत सोडवलं की वाईट वाटणारच. सळया बांधणाऱ्या फिटरनी रिंगांची टोकं काटकोनात वाकवून सोडली होती. ती 135 अंशात, कॉलमच्या पोटात वळलेली लागतात. भूकंपात कॉलम हलला की आधी सळयांवरचं बाहेरचं काँक्रीट गळून पडतं. मग काटकोनातली टोकं उघडतात, रिंग सुटते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. आत वळलेला आकडा मधल्या काँक्रीटला धरून राहतो. एकदा काँक्रीट ओतलं की हे कुणाला दिसत नाही, म्हणून मी प्रत्येक कॉलमच्या रिंगा स्वतः हाताने चाचपून बघतो. सगळ्या नव्याने वाकवायला दोन दिवस गेले. त्याचा एक रुपयाही तुम्हाला लावलेला नाही.

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, उमरगा तालुक्यातल्या आमच्या गावी. 30 सप्टेंबर 1993, आदल्याच दिवशी गणपती बोळवले होते. दगडमातीच्या रुंद भिंती, वर माळवदाचं ओझं, आणि पहाटे चारच्या सुमारास सगळं अंगावर आलं. तोवर आपला भाग भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या झोनमध्ये होता. 2002 मध्ये तो मध्यम धोक्याच्या झोन तीनमध्ये घेतला. तुमचं घर त्याच जमिनीवर उभं राहतंय, ताई. दोन दिवस वाचवायला त्या रिंगा तशाच ठेवणं मला जमलं नसतं.

जोतं तपासणीचा कागद, काँक्रीटची ताकद तपासणाऱ्या क्यूब टेस्टचे रिपोर्ट आणि रिंगांचे आधीचे-नंतरचे फोटो ऑफिसात काढून ठेवलेत. शनिवारी घरच्यांना घेऊन या. जिना घरातूनच घ्यायचे दोन नकाशे आर्किटेक्टनी काढलेत, त्यातला कुठला बरा वाटतो ते तेव्हाच ठरवू.