तिकडे पाठांतर नसतं म्हणे!

दहावीचा निकाल लागला की आठवड्याभरात एक लेख हमखास फिरत फिरत माझ्यापर्यंत येतो. लेखक दरवर्षी वेगळा, मजकूर तोच. मराठीसारख्या विषयात मुलांना नव्वद-पंच्याण्णव गुण पडतातच कसे, इथून सुरुवात होते आणि शेवटी ठरलेलं वाक्य येतं: आपल्याकडे नुसती घोकंपट्टी, परदेशात मुलांना विचार करायला शिकवतात, तिकडे पाठांतर नसतं. यंदा हा लेख माझ्या मावसभावाने पाठवला. तो कोल्हापूरजवळच्या एका हायस्कूलमध्ये मराठी शिकवतो. खाली त्याची स्वतःची भर: "ताई, तुमचं बरं आहे तिकडं."

"तिकडे" म्हणजे नेमकं कुठे, हे या लेखांत कधीच नसतं. फिनलंड असावं. सगळ्यांचं फिनलंडच असतं. मी राहते इंग्लंडमधल्या रीडिंगला, आणि आमच्या घरी मे महिन्यात फ्रिजवर, जिन्याच्या कठड्यावर आणि बाथरूमच्या आरशावर शेक्सपिअरचा मॅकबेथ चिकटवलेला असतो. धाकटी लेक इयर इलेव्हनला, म्हणजे इथल्या दहावीला आहे. स्टडी लीव्ह सुरू झाल्यापासून ती दात घासताना फेसाळ तोंडाने पुटपुटते: नेपच्यूनचा अख्खा महासागर आणला तरी माझ्या हातावरचं हे रक्त धुऊन निघेल का? मग थुंकते, चूळ भरते आणि पुढची चिठ्ठी वाचते.

कारण साधं आहे. जीसीएसईच्या, म्हणजे इथल्या दहावीच्या परीक्षेतल्या, इंग्रजी साहित्याच्या पेपरला पुस्तक आत नेता येत नाही. मायकेल गोव्ह शिक्षणमंत्री असताना अभ्यासक्रम बदलला, त्या नव्या पद्धतीची पहिली परीक्षा 2017 मध्ये झाली. तेव्हापासून शेक्सपिअरचं एक अख्खं नाटक, एकोणिसाव्या शतकातली एक कादंबरी, एक आधुनिक कृती आणि कवितांचा एक गुच्छ हे सगळं डोक्यात घेऊन हॉलमध्ये जायचं. धाकटीच्या बोर्डाच्या संग्रहात पंधरा कविता आहेत. पेपरात त्यातली एक छापून येते. तिची तुलना ज्या दुसऱ्या कवितेशी करायची, ती मात्र आठवणीतून. आता याला पाठांतर म्हणायचं नसेल तर दुसरं काय म्हणायचं, ते त्या लेखकांनी मला कळवावं.

आणि याच गोव्हसाहेबांच्या काळात अमेरिकन कादंबऱ्या यादीतून गेल्या. आधुनिक कृती ब्रिटिश बेटांवरचीच हवी, असं ठरलं. इथेही आरडाओरडा झाला, नाही असं नाही. पण महाराष्ट्राने 2020 मध्ये सगळ्या शाळांत मराठी सक्तीची केली, तेव्हा माझे पुण्यातले मित्र मला संकुचितपणा, कूपमंडूकवृत्ती वगैरे समजावत होते. त्यांच्या मुलांच्या इंटरनॅशनल शाळांत शिकवलं जाणारं साहित्य कुठून येतं, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

थोरलीचं आणखी पुढचं. तिने ए-लेव्हलला, म्हणजे इथल्या अकरावी-बारावीला, क्लासिकल सिव्हिलायझेशन (प्राचीन ग्रीक-रोमन संस्कृती) घेतलंय आणि त्यात ग्रीक कला हा एक अख्खा पेपर आहे. तिची कार्डं बुटांच्या खोक्यात असतात. पुढे चित्र, मागे नाव, साल, तंत्र, सध्या कुठे. अनाव्हिसोसचा कूरॉस, म्हणजे उभ्या तरुणाचा पुतळा, सुमारे इ.स.पू. 530, अथेन्स: दोन्ही हात मांड्यांना चिकटलेले, डावा पाय पुढे, ओठांवर ते ठरावीक हसू. क्रिटिऑस बॉय हा मुलाचा पुतळा, सुमारे 480: वजन एका पायावर आलं, कंबर किंचित कलली, मान जराशी वळली. या पन्नास वर्षांत दगड हलायला कसा लागला, एवढंच खरं तर त्या पेपरचं सार आहे. पण साल चुकलं की सारही जातं, म्हणून मी रात्री जेवणानंतर कार्डं धरते आणि ती सांगते. माझी आजी माझे पाढे घ्यायची ते अगदी असंच.

त्या खोक्यातलं माझं आवडतं कार्ड एक्सेकिआस या ग्रीक कुंभाराच्या कुंभाचं आहे. कुंभ व्हॅटिकनमध्ये आहे. अकिलिस आणि अजॅक्स हे ट्रॉयच्या युद्धातले ग्रीक वीर लढाईच्या मधल्या वेळात फासे खेळतायत. दोघांच्या अंगावर चिलखत, खांद्याला टेकलेले भाले, दोघेही पटावर वाकलेले. अकिलिसचं शिरस्त्राण डोक्यावरच आहे, अजॅक्सने काढून मागे ढालीवर ठेवलंय. दोघांच्या तोंडांतून शब्द बाहेर पडताना कुंभारानेच लिहिलेत: अकिलिस म्हणतो "चार", अजॅक्स म्हणतो "तीन". अडीच हजार वर्षं तो डाव तिथेच थांबलाय आणि अजॅक्स हरतोच आहे. थोरलीने हे कार्ड इतक्यांदा म्हणून दाखवलं, की एके दिवशी तीच मध्येच थांबून म्हणाली, "मम्मी, झगे बघ ना त्यांचे. एवढी बारीक नक्षी कोरायला किती वेळ लागला असेल?" हा प्रश्न पाठ केल्यामुळे पडला. आधी नव्हता पडला.

म्हणून मी पाठांतराच्या बाजूने भांडते. भांडण आहे ते दुसऱ्याच गोष्टीशी. कोल्हापुरात आमच्या बाईंनी मोरोपंत आमच्याकडून पाठ करून घेतला. पन्हाळ्यावर जन्मलेला कवी, म्हणजे आमच्या गल्लीतलाच म्हणायचा. "सुसंगति सदा घडो, सुजनवाक्य कानी पडो" पृथ्वी वृत्तात, हात मागे बांधून, न अडखळता. अर्थ पुढे कधीतरी लागेल असं बाई म्हणायच्या, आणि तो पॅडिंग्टनला गाडी रद्द झाल्यावर फलाट नऊवर लागला. तेच भरतवाक्य दहावीच्या कुमारभारतीत आहे, नारायण सुर्व्यांची "दोन दिवस"ही आहे. निवड उत्तम आहे, याबद्दल मी बोर्डाशी भांडणार नाही. पण आता प्रश्नपत्रिका गेली, कृतिपत्रिका आली. कविता छापूनच येते, तिच्याखाली चौकटी भरायच्या, आणि मग एक प्रश्न असतो स्वमताचा. मावसभावाने मला एका गाईडचं पान पाठवलं होतं. त्यात स्वमत तयार होतं. आठ ओळींचं, सुंदर, प्रांजळ, "मला असे वाटते की" पासून सुरू होणारं. त्याच्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी ते जसंच्या तसं लिहिलं. म्हणजे सुर्वे पाठ नाहीत, सुर्व्यांबद्दल आपल्याला काय वाटतं ते पाठ! घोकंपट्टीच्या नावाने गळे काढणाऱ्यांनी आधी कविता पाठ करणं काढून टाकायला लावलं आणि आता मतं पाठ होतायत.

इथेही तसं चालतं, हे मला माहीत आहे. ग्रेड नाइनचे, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीचे, तयार निबंध यूट्यूबवर मिळतात, परिच्छेद कसा बांधायचा याचा साचा ठरलेला असतो, आणि धाकटीच्या शिक्षिका पेरेंट्स इव्हनिंगला मार्क स्कीमची भाषा बोलतात, कवितेची नाही. तरी अख्खं नाटक वाचल्याशिवाय गत्यंतर नसतं. थोरलीला होमरचं ओडिसी हे महाकाव्य अख्खं वाचावं लागलं, भाषांतरात का होईना. कुमारभारतीत दोन पानांचा उतारा, त्याखाली लेखकाचा चौकटीतला परिचय, पुढचा धडा. नववी-दहावीच्या दोन वर्षांत एक अख्खं मराठी पुस्तक वाचायला लावणं इतकं अवघड आहे का?

इथल्या सोयी मी नाकारत नाही. शाळा सुटल्यावर थोरली एकवीस नंबरच्या बसने युनिव्हर्सिटीत जाते, तिथे उअर म्युझियममध्ये ग्रीक भांडी काचेपलीकडे हातभर अंतरावर. तिकीट नाही. हाफ टर्मला आम्ही ब्रिटिश म्युझियम केलं, तिथेही तिकीट नाही. तिथला थाळीफेक्या म्हणजे रोमन संगमरवरी प्रत. मायरन या ग्रीक शिल्पकाराचं मूळ ब्राँझ कधीच नष्ट झालंय. 1791 मध्ये रोमन सम्राट हाड्रियनच्या टिवोलीच्या वाड्यात ही प्रत सापडली. तुटलेलं डोकं पुन्हा बसवताना चुकीच्या दिशेला बसवलं, आणि दोनशे वर्षं तो थाळीकडे बघायचं सोडून जमिनीकडे बघतोय. थोरलीला ही चूक फार आवडते. मग पार्थेनॉनचं, अथेन्सच्या त्या देवळावरच्या मूर्तींचं दालन. तिच्या कार्डावर इ.स.पू. 447 ते 432 आहे, शिल्पकार फिडिआस आहे, मूर्तींत लढणारे लॅपिथ आणि अर्धे घोडे असलेले सेंटॉर आहेत. 1801 आणि 1816 नाहीत. म्हणजे एल्गिन या ब्रिटिश राजदूताच्या माणसांनी या मूर्ती उतरवायला कधी सुरुवात केली आणि सरकारने त्या कधी विकत घेतल्या, ते. मी तिला म्हटलं, हीसुद्धा सालं लिही. ती म्हणाली, "त्याला मार्क नाहीत."

तेव्हा मला कोल्हापूरचा पोसायडन आठवला. पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर 1940च्या दशकात रोमन काळातली ब्राँझची एक चिमुकली मूर्ती सापडली, ग्रीकांच्या समुद्रदेवाची. समुद्र कुठे, कोल्हापूर कुठे. पण कोकणातल्या बंदरांतून घाट चढून व्यापाऱ्यांबरोबर आली असणार. आमच्या टाऊन हॉल म्युझियमची ती शान. आमची शाळा तिथून चालत दहा मिनिटांवर. सहल म्हणून आम्हाला पन्हाळ्याला नेलं, नृसिंहवाडीला नेलं, आणि टाऊन हॉलच्या बागेत बसून आम्ही डबे खाल्ले. आत पोसायडन आहे हे मला रीडिंगमध्ये थोरलीच्या पुस्तकाच्या निमित्ताने शोधताना कळलं. धाकटी ज्या नेपच्यूनच्या महासागराने हात धुवायला बघते, तो रोमनांचा नेपच्यून म्हणजे हाच. मी दोघींना फोटो दाखवला. थोरली लगेच वजन कोणत्या पायावर आहे ते बघायला लागली. धाकटी म्हणाली, "सो क्यूट."

धाकटीच्या त्या पंधरा कवितांमध्ये जॉन अगार्डची एक आहे. गयानात जन्मलेला हा कवी विचारतो, की मला इंग्रजी लोककथेतला डिक व्हिटिंग्टन शिकवलात, हैतीतल्या गुलामांच्या उठावाचा नेता तुसाँ लुव्हर्त्यूर का नाही शिकवला? माझ्या लेकीने ती कविता इतकी छान पाठ केलीय की लय ऐकून मी भांडी घासायची थांबते. ती चिडून म्हणते, जीव ओतून म्हणते. शिवाजी महाराजांबद्दल तिला माझ्या सांगण्यातून आणि मंडळाच्या गणेशोत्सवातल्या नाटुकल्यातून जेवढं आलंय तेवढंच. मी तुला काय शिकवलं नाही, असं तिने मला विचारलेलं नाही अजून.

त्याच संग्रहात कॅरल रुमेन्सची एक कविता आहे. लहानपणी सोडलेल्या शहराविषयी बोलणारी बाई. तिथून कितीही वाईट बातम्या आल्या तरी तिच्या डोक्यात त्या शहरावर ऊनच असतं. धाकटीने समासात पेन्सिलीने लिहिलंय: "आठवण, आदर्शीकरण, विश्वासार्ह नाही." शाळेत शिकवलेलं असणार. पण ते वाचून मला जे झालं ते राग होता. कारण सकाळी उठल्यावर रीडिंगचं हवामान बघायच्या आधी मी राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर आहे ते बघते. इशारा पातळी 39, धोका 43. जुलैमध्ये तर दिवसातून तीनदा. त्या पाण्यात माझं आता काहीही बुडणार नाही, घर आम्ही केव्हाच विकलं. कुमारभारतीची पीडीएफ मी दरवर्षी उतरवून घेते, तिथे शिकणारं माझं कुणी नसताना. माझ्या बोलण्यातलं मराठी हळूहळू किराण्याच्या यादीएवढं उरलंय आणि त्यात जे काही अजून अखंड आहे ते शाळेत घोकून घेतलेलं आहे. घोकंपट्टीला नावं ठेवणारा लेख आला की मी एवढी का भडकते, याचं उत्तर बहुधा शिक्षणशास्त्रात नाही.

हे सगळं मी मावसभावाला लांबलचक लिहून पाठवलं. दोन दिवस निळ्या टिका, उत्तर नाही. मग त्याचा व्हॉइस मेसेज आला, मागे मोटारसायकलचे आवाज. "ताई, पाठ करून घ्यायला मी एका पायावर तयार आहे. माझ्या वर्गात बासष्ट पोरं आहेत. मध्ये मतदारयाद्यांचं काम लागलं होतं, त्यात दोन धडे तसेच राहिले. अख्खं पुस्तक वाचा म्हणतेस ते पटतंय, पण बासष्ट प्रती आणू कुठनं?" मी लगेच फोन लावला. पुस्तकांचे पैसे मी पाठवते म्हटलं. तो म्हणाला, पैसे नकोत, तासिका दे.

यावरही मी अर्धा तास बोलले.