नऊच तर महिने, सोड ना गोळ्या!

सहावा महिना चालू होता तेव्हाची गोष्ट. सदाशिव पेठेत एका मेडिकलमध्ये चिठ्ठी दिली तर काउंटरवरचा पोरगा आधी चिठ्ठीकडे बघतो, मग माझ्या पोटाकडे, आणि अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं विचारतो, "मॅडम, ही फिटची गोळी आहे, प्रेग्नन्सीत चालते का विचारलंय ना डॉक्टरांना?" अरे बाबा डॉक्टरांनीच लिहून दिलीये, खाली काय माझी सही आहे का!

लेक आता दीड वर्षाची झाली म्हणून लिहायची हिंमत करतेय. मला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी नको तितकं उधाणतं, कधी पार बसतं असा आजार. चोविसाव्या वर्षी लक्ष्मी रोडवर एका दुपारी अकरा साड्या घेतल्या होत्या, चार रात्री डोळ्याला डोळा नाही तरी एकदम टवटवीत, आणि मग पुढचे तीन महिने आंघोळीला उठायचं जिवावर यायचं. तेव्हापासून गोळ्या चालू.

मूल हवं ठरल्यावर आम्ही आधी सायकियाट्रिस्टकडे गेलो, नशीब. कारण मी होते व्हॅलप्रोएट नावाच्या बायपोलरच्या गोळीवर, आणि गरोदरपणात ती नकोच, दहातल्या साधारण एका बाळात व्यंग, शिवाय 30 ते 40 टक्के मुलांच्या वाढीत, बोलण्याशिकण्यात अडचणी. आधीच्या डॉक्टरांनी पाच वर्षं ही गोळी दिली, लग्नाच्या वयाची पोरगी समोर बसलीये तरी यातलं एक अक्षर सांगितलं नाही, हा राग माझा अजून गेलेला नाही. मग लॅमोट्रिजिन (मेडिकलमधली ती फिटची गोळी हीच, बायपोलरवरही देतात), तीही भयंकर रॅश येऊ शकतो म्हणून अगदी थोड्यापासून हळूहळू चढवत न्यायची. ते बस्तान बसायलाच काही महिने गेले.

दिवस राहिले आणि सल्ले सुरू. आत्या म्हणाली, "नऊच तर महिने, सोड ना." पहिल्या गायनॅकनी तर फाइल न उघडताच आजपासून बंद म्हणून सांगितलं (आम्ही डॉक्टरच बदलले). 2007 साली अमेरिकेत एक अभ्यास छापून आला होता, त्यात गरोदरपणात गोळ्या सोडलेल्या बायपोलर बायकांपैकी 85 टक्क्यांच्या आसपास जणींचा आजार उलटला, चालू ठेवणाऱ्यांमध्ये 37 टक्के. म्हणजे गोळी चालू ठेवली तरी खात्री नाहीच, पण फरक बघा ना! आपल्याकडे गोळीचा धोका सगळे मोजतात, आजाराचा कोणी मोजत नाही. आई चार दिवस जेवली नाही, झोपली नाही, गच्चीच्या कठड्याशी जाऊन उभी राहिली, तर ते बाळाला बाधत नाही का?

आणि गंमत म्हणजे माझा डोस कमी नाही, वाढवावा लागला, कारण गरोदरपणात शरीर ही गोळी भराभर बाहेर टाकतं. डिलिव्हरीनंतर लगेच परत खाली आणायचा. हे आत्याला सांगितलंच नाही.

दुधात उतरते का, तर हो, उतरते. म्हणून बाळाच्या डॉक्टरांना आधीच सगळं सांगितलेलं, पुरळ येतंय का, फार सुस्त पडतंय का यावर लक्ष. माझी एक मैत्रीण लिथियमवर, म्हणजे बायपोलरच्याच दुसऱ्या गोळीवर होती, तिला अंगावर पाजू नको असं सांगितलेलं, तर बारशाला आलेली प्रत्येक बाई शतावरीचा डबा घेऊन हजर! बिचारी सहा डबे घेऊन बसली.

आमच्याकडे खरं रण पेटलं ते झोपेवरून. बायपोलरमध्ये बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात नाजूक, साधारण पाचातल्या एकीचा आजार जोरात उलटतो, आणि जागरण म्हणजे त्याला आमंत्रणच. म्हणून ठरलं की रात्री अकरा ते पाच मी दुसऱ्या खोलीत, काढून ठेवलेलं दूध नवऱ्यानं वाटीचमच्यानं पाजायचं. सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा! बाळंतीण झोपणार आणि बाप्या उठणार म्हणे. दोन दिवस अबोला. तिसऱ्या रात्री लेक रडतेय आणि हा घोरतोय, तेव्हा त्याच उठल्या. सकाळी अळिवाची खीर माझ्यापुढे ठेवत म्हणाल्या, "त्याचं काही खरं नाही, आजपासून मी बघते, तू झोप." पुढे महिनाभर त्याच उठल्या, आणि रोज सकाळी किती वेळा उठावं लागलं ते मला मोजून सांगितलं.