'सुटातला मेट्रोनोम': निनावी यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

प्रिय निनावी,

'माझा स्वप्नातला रॉक बॅण्ड' या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल आभार. खाली दोन ओळींत उत्तर देणार होतो, पण मग राहवेना.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी: मी निवडलेल्या बॅण्डमध्ये ड्रमवर रोलिंग स्टोन्सचा चार्ली वॉट्स, बेसवर 'द हू'चा जॉन एन्टविसल, ऱ्हिदम गिटारवर एसी/डीसीचा माल्कम यंग, लीडला यार्डबर्ड्सवाला जेफ बेक, ऑर्गनवर डीप पर्पलचा जॉन लॉर्ड आणि गायला फ्री आणि बॅड कंपनीचा पॉल रॉजर्स. निनावींचं म्हणणं असं की लेड झेपलिनचा ड्रमर जॉन बॉनहॅम उपलब्ध असताना (स्वप्नात सगळेच उपलब्ध असतात) वॉट्सला घेणं हा गुन्हा आहे, एन्टविसल आणि वॉट्सचं जमणार नाही, बेक आणि लॉर्ड एकमेकांच्या अंगावर येतील, आणि रॉजर्स 'ठीक'. त्यानंतर हे वाक्य, जसंच्या तसं (मेट्रोनोम म्हणजे ठरावीक वेगाने टकटक करत ताल दाखवणारं यंत्र): "वॉट्स म्हणजे महागड्या सुटातला मेट्रोनोम, आणि ज्याला हे कळत नाही तो आयुष्यात कधी ड्रमच्या मागे बसलेला नसणार. ह. घ्या."

आधी त्या 'ह. घ्या.'बद्दल. समोरच्याची अक्कल काढायची आणि शेवटी 'हलके घ्या' म्हणून नामानिराळं व्हायचं, ही पद्धत आता इतकी रुळली आहे की त्यात काही वावगं आहे असंही कुणाला वाटेनासं झालंय. हलकं घ्यायला हवं असेल तर मुळात हलकं लिहावं. बॉनहॅमची बाजू मांडायला माझी लायकी काढायची गरजच नव्हती. त्याच्या वाजवण्यात तेवढा दम आहे.

मान्य करण्याजोगं आहे ते मान्य करतो. बॉनहॅमचा उजवा पाय वॉट्सकडे नव्हता. लेड झेपलिनच्या १९६९ च्या पहिल्या अल्बमच्या पहिल्याच गाण्यात तो पायाने वाजवायच्या एका पेडलवर जे ट्रिपलेट (तीन-तीनचे झटपट ठोके) काढतो, ते भल्याभल्यांना दोन पेडलवरही जमत नाहीत. आणि स्टोन्सच्या 'यू कॅन्ट ऑलवेज गेट व्हॉट यू वॉन्ट'मधले ड्रम वॉट्सने वाजवलेले नाहीत, निर्माता जिमी मिलरने वाजवलेत, हेही बरोबर. मला ते ठाऊक होतं. लेखात आलं नाही कारण त्या गाण्याचा विषयच निघाला नव्हता. चोर रंगेहाथ पकडल्याच्या थाटात तुम्ही ते का लिहिलंत, ते तुम्हालाच माहीत.

आता मेट्रोनोम. मेट्रोनोमचा वेग बदलत नाही, एवढं तरी आपल्या दोघांना मान्य असावं. स्टोन्सचं 'हॉन्की टॉन्क विमेन' (१९६९) लावा. सुरुवातीला काउबेल वाजते (तीही मिलरचीच, घ्या, तुम्हाला आणखी एक), मग वॉट्स शिरतो. पहिल्या कडव्याला जो ठेका पायाने धराल तो तसाच मोजत शेवटापर्यंत या. गाणं तुम्हाला मागे टाकून गेलेलं असेल. वेग चांगलाच वाढलेला असतो, पण ऐकताना कुठेही घाई जाणवत नाही, कारण सगळा बॅण्ड एकत्र सरकत असतो. असा मेट्रोनोम कुठे मिळत असेल तर जरूर कळवा.

मग वॉट्सचा उजवा हात पाहा. नेहमीच्या रॉक ठेक्यात हाय-हॅटवर (झांजांच्या जोडीवर) आठही ठोके चालू राहतात आणि दुसऱ्या-चौथ्या मात्रेला डावा हात स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम) मारतो. वॉट्स नेमक्या त्या क्षणी हाय-हॅटवरचा हात उचलतो. त्या मात्रेला स्नेअर एकटा ऐकू येतो, वर झांजेचा आवाज नाही. बॅकबीट, म्हणजे दुसऱ्या-चौथ्या मात्रेवरचा तो जोर, मोकळा पडतो आणि गाणं किंचित मागे रेलतं. तुम्ही याला साधेपणा म्हणालात.

आणि 'ड्रमच्या मागे बसलेला नसणार'? बसलोय, महाशय. कॉलेजात आमचा बॅण्ड होता आणि नोकरी लागल्यावरही बरीच वर्षं आम्ही वाजवत होतो. मी बॉनहॅमच वाजवायचो, निदान माझी तशी समजूत होती. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक फिल (जागा भरून काढणारा ड्रमचा तुकडा), दोन ओळींच्या मध्ये आणखी एक. एकदा आमचा गिटारवाला गाणं मध्येच थांबवून म्हणाला, "तुझं झालं की सांग." त्यानंतर मी तो हात उचलायचा सराव सुरू केला. हात उचलला की डावा हात उशिरा पडायचा, डावा सावरला की पाय चुकायचा. दोन्ही हात चालू ठेवणं सोपं असतं हो. त्यातला एक नेमक्या जागी थांबवून बघा आणि मग मेट्रोनोमच्या गप्पा मारा.

सर्वोत्तम वादक गोळा केले की सर्वोत्तम बॅण्ड होतो, असं आपण धरून चालला आहात. १९६६ साली गिटारवाला एरिक क्लॅप्टन, बेसवाला जॅक ब्रूस आणि ड्रमर जिंजर बेकर एकत्र आले आणि क्रीम हा बॅण्ड झाला. ब्रूस आणि बेकर यांचं आधीच्या बॅण्डपासूनच फाटलेलं होतं. १९६८ च्या नोव्हेंबरात क्रीमचा निरोपाचा कार्यक्रमही झाला. पुढच्याच वर्षी क्लॅप्टन आणि बेकर यांनी स्टीव्ह विनवुड आणि रिक ग्रेच यांच्यासह ब्लाइंड फेथ काढला. एक अल्बम, आणि खेळ खलास. वादनात यातलं कुणी कमी होतं का?

म्हणून मी आधी माल्कम यंगचं नाव लिहिलं आणि त्याला कोण साजेल ते पाहिलं. ग्रेच कंपनीची १९६३ ची गिटार, ब्रिजजवळचा एक पिकअप (तारांचा आवाज टिपणारा भाग) ठेवून बाकीचे काढून टाकलेले, आणि सोलोची हौस नाही. एसी/डीसीच्या 'बॅक इन ब्लॅक'च्या रिफमध्ये (पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिटारच्या तुकड्यात) दोन कॉर्डच्या मध्ये जी मोकळी जागा आहे तिथे त्यांच्या ड्रमरने, फिल रडने, साधा ठेका चालू ठेवला, बस्स. बॉनहॅम तिथे गप्प राहिला असता असं छातीठोकपणे सांगा बरं. वॉट्स तर स्टोन्समध्ये कीथ रिचर्ड्सच्या गिटारवर कान ठेवूनच वाजवायचा. त्याला माल्कमच्या मागे बसवायला काही शिकवावं लागणार नाही. (वॉट्सचा ड्रमसेटही ग्रेच कंपनीचाच. हा मुद्दा म्हणून मांडत नाही, पण मला गंमत वाटते.)

बाकीचं थोडक्यात. एन्टविसल एवढं भरगच्च वाजवू शकला कारण मागे ड्रमवर कीथ मून होता, आणि १९७८ मध्ये मून गेल्यावर सरळ वाजवणारा केनी जोन्स आला तेव्हा 'द हू'ची मजा गेली, म्हणून वॉट्ससोबतही तेच होईल, असं तुम्ही म्हणता. वाचलं. तो स्वतंत्र विषय आहे, त्यात आत्ता शिरत नाही. बेक आणि लॉर्ड दोघेही जाणते वादक, त्यांचं ते बघून घेतील. आणि पॉल रॉजर्स 'ठीक' असेल तर तुमच्याशी गायकांबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

तुमची स्वतःची यादी मात्र प्रतिक्रियेत कुठेच दिसली नाही. सहा नावं टाका, जमल्यास आपल्या नावानिशी. ड्रमवर कोण असेल ते कळलंच आहे, त्याच्यासमोर ऱ्हिदम गिटारला कोण टिकतंय ते बघू. आणि हो, हे सगळं जड घेतलंत तरी चालेल.