किती किलो? तेवढं कागदावर लिहून द्या

आज आत्येबहिणीच्या नव्या फ्लॅटवर गेले होते. किचनचं काम चालू आहे. तिने कोटेशन दाखवलं, चांगलं अडीच पानी. 710 ग्रेडचा प्लाय, 18 एमएम, लॅमिनेटचा नंबर, सॉफ्ट क्लोज बिजागऱ्या, अगदी हँडलचा रंगसुद्धा. पण वरची कपाटं भिंतीला कशाने धरणार आणि किती वजन पेलणार, याचा एक शब्द नाही! तिथल्या मिस्त्रींना विचारलं, "दादा, हे किती किलो घेईल?" तर म्हणाले, "ताई, बिनधास्त राहा, लोंबकळलात तरी हलणार नाही."

माझं डोकंच फिरलं. तीन वर्षांपूर्वी आईच्या घरी हेच ऐकलं होतं.

सकाळची वेळ. आई चहा गाळून कप घेऊन गॅलरीत आली आणि मागे धाडकन आवाज. तीन फुटी कपाट ओट्यावर पालथं. काचेच्या बरण्या, आजीचा पितळी डबा, सगळा चुराडा. आणि पडलं कुठे, तर आई उभी राहून चहा गाळते तिथेच.

भिंतीत चार भोकं उरली होती. बोट घातलं तर नुसती पांढरी भुकटी. गिट्ट्या, म्हणजे स्क्रू धरायला भोकात ठोकतात ते प्लास्टिकचे प्लग, स्क्रूसकट सबंध उपसून आल्या होत्या, एकही तुटलेली नव्हती.

अहो, हल्ली नव्या इमारतींत आतल्या भिंती बऱ्याचदा विटेच्या नसतात, चार इंची एएसी ब्लॉकच्या, म्हणजे आत हवेचे बुडबुडे असलेल्या काँक्रीटच्या असतात. हलक्या, भुसभुशीत. हॅमर लावून भोक पाडलं की ते मोठं होतं, साधी गिट्टी धरणार कशाला? दीड इंची स्क्रूचा अर्धा इंच तर प्लास्टरमध्येच जातो. त्या मापाचं प्लायचं कपाट रिकामंच वीस-पंचवीस किलो, वर आपले डबे आणि डिनर सेट. शिवाय कपाट भिंतीपासून फूटभर पुढे आलेलं, म्हणजे वरचे स्क्रू सतत बाहेर ओढले जातात. एएसीसाठी वेगळे लांब अँकर मिळतात, वरून आडवी मेटलची रेल टाकली की भार वाटला जातो, अगदीच शंका असेल तर आरपार बोल्ट. हँडलवर उडवतो त्याहून कमी पैशांत होतं हे!

आपणही शेवटच्या हजारासाठी घासाघीस करतो, मान्य.

आईकडचे मिस्त्री कळल्याबरोबर धावत आले होते. भोकांकडे बघत बराच वेळ गप्प उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "विटेत घट्ट बसतात हो ह्या गिट्ट्या." त्यांना भिंत कसली आहे ते कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांच्यावर नाही राग धरवत. पण लेटरहेडवर कोटेशन छापणारा, निम्मे पैसे आधी घेणारा ठेकेदार? त्याला भिंत ठोकून बघता येत नाही? बाईमाणसाच्या डोक्यावर पन्नास किलो टांगताय, हँडलचा रंग लिहिता आणि वजन लिहायला हात जड होतो?

बहिणीच्या कोटेशनवर पेनने लिहून आलेय: प्रत्येक कपाटाला सामान धरून किमान 60 किलो, एएसीचे अँकर, खाली सही. ठेकेदार म्हणाला, उद्या बघू. सही झाल्याशिवाय एक भोक पाडू देऊ नकोस, असं तिला बजावलंय.

आईचं कपाट आता पक्कं बसवलंय, दहादा सांगून झालं. तरी ती चहा गाळताना ओट्यापासून हातभर मागे उभी राहते.