विश्वास कोणाचा कमी पडला?

आमच्या नगरकडच्या ख्रिस्ती नात्यागोत्यात सध्या एक वाद पेटला आहे. मूत्रपिंडाच्या आजाराने एक तरुण मुलगा गेला. मंडळीने, म्हणजे चर्चच्या लोकांनी, त्याच्यासाठी साखळी-प्रार्थना केली, बायकांनी उपास धरले. बाहेरून आलेल्या एका प्रचारकाने तर डोक्यावर हात ठेवून चंगाई झाल्याचं, म्हणजे तो प्रार्थनेने बरा झाल्याचं, जाहीरही करून टाकलं. मुलगा गेल्यावर हाच गृहस्थ आईवडिलांना म्हणाला, तुमचा विश्वास कमी पडला.

त्यावरून दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, या माणसाला पुन्हा वेदीजवळ उभं करू नका. दुसऱ्या तटाला प्रचारकाचं बोलणं पटलेलं नाहीच, पण तो म्हणतो की गप्प बसा. हे बाहेर गेलं तर टपून बसलेल्यांच्या हातात आयतं कोलीत मिळेल. मी इंग्लंडात स्विंडनजवळ राहतो, त्यामुळे माझं मत कोणी विचारलेलं नाही. ‘तुमच्याकडे चर्चची हॉटेलं झालीत, तू काय सांगणार?’ असं एका मावशीने ऐकवलंही.

मावशीचं अगदीच खोटं नाही. 2011 च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधल्या 59.3 टक्के लोकांनी स्वतःला ख्रिस्ती म्हटलं होतं, 2021 मध्ये 46.2 टक्क्यांनी. कोणताच धर्म नाही असं सांगणारे 37.2 टक्के झाले. माझ्या इथल्या चर्चमध्ये रविवारी बहुतेक डोकी पांढरी असतात. पाळकबाई व्यासपीठावरून सरळ सांगतात, ‘देव हे दुःख का येऊ देतो ते मला माहीत नाही.’ कोणाची भुवईसुद्धा वर जात नाही. नगरला कोणी पाळक असं बोलला, तर दुपारपर्यंत कमिटीची बैठक बसेल.

नवा आलो तेव्हा हा मोकळेपणा मला फार भावला होता. पण शंका घ्यायला इथे काही किंमत पडतच नाही, हे हळूहळू कळलं. या चर्चचा, चर्च ऑफ इंग्लंडचा, सर्वोच्च प्रमुख देशाचा राजा आहे. संसदेच्या वरच्या सभागृहात, हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, 26 बिशप बसतात. खालच्या सभागृहाचं, कॉमन्सचं, रोजचं कामकाज प्रार्थनेने सुरू होतं. अशा घरात वाढलेल्या मुलाने बापाला उलट प्रश्न विचारला तर बिघडतं काय? आमची गोष्ट वेगळी. 2011 च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात ख्रिस्ती एक टक्क्याहूनही कमी. चार घरं मिळून प्रार्थनेला बसली तरी आमिष दाखवून धर्मांतर चाललंय का, असा संशय. कितीतरी राज्यांत धर्मांतराविरुद्ध कायदे आहेत. अशा नजरांखाली जगणाऱ्या माणसाला शेजारच्या बाकावरची शंका फितुरीसारखी वाटते, यात नवल नाही. त्यामुळे गप्प बसा म्हणणाऱ्यांना मी भित्रे म्हणणार नाही.

तरी मी पहिल्या तटाचा, आणि त्याला कारण पंडिता रमाबाई.

वाँटेज माझ्या घरापासून गाडीने तासाभराच्याही आत आहे. तिथल्या भगिनींच्या मठात रमाबाई 1883 साली लेकीला, मनोरमेला, घेऊन आल्या. प्रार्थनेला उत्तर मिळत नाही म्हणजे काय, हे त्या कोवळ्या वयातच शिकल्या होत्या. दुष्काळात त्यांच्या वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी, होतं नव्हतं ते दानधर्मात घातलं. उपास, जप, तीर्थस्नान, प्रदक्षिणा, सगळं झालं. आईवडील अन्नावाचून गेले, पाठोपाठ बहीणही. म्हणजे शास्त्रात सांगितलेलं सगळं करूनही हाती काही न लागलेल्या घरातली ही मुलगी. वाँटेजला तरी सुख कुठलं? सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथेच आत्महत्या केली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, 29 सप्टेंबर 1883 ला, रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पुण्यात त्यांच्यावर टीकेची झोड उठली.

आता खरं तर त्यांनी मठातल्या भगिनींच्या पदराआड निमूट बसायला हवं होतं. परतीचा रस्ता बंद, जवळ लहान लेकरू, ऐकायला कमी येऊ लागल्याने डॉक्टर होण्याचा बेतही बारगळलेला. त्यांनी उलटंच केलं. चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकत-शिकवत असताना वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन आणि कॉलेजच्या प्रमुख मिस बील यांच्याशी त्या पत्रांतून भांडत राहिल्या. त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हा एकच देव असल्याचा, सिद्धांत बायबलात नेमका कुठे आहे? चर्चने सांगितलं म्हणून मी का मानू? एका पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवलंय, दुसरं मानेवर घेणार नाही, असंही त्यांनी स्पष्ट लिहिलं. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने 1977 साली ती पत्रं छापली आहेत. सिस्टर जेराल्डीनना त्यात अहंकार दिसला. मला त्यात श्रद्धा दिसते, कारण ही बाई वाद घालत असताना प्रार्थना सोडत नाही.

पुढे त्यांनीच लिहून ठेवलं की त्या काळात आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. बाप्तिस्म्यानंतर वर्षानुवर्षं ही अवस्था! आजच्या आमच्या मंडळीत त्यांना साक्ष द्यायला, म्हणजे आपला श्रद्धेचा अनुभव सांगायला, उभं तरी केलं असतं का? आणि याच रमाबाईंच्या केडगावात, मुक्ती मिशनमध्ये, 1905 साली बाया-मुली रडून, ओरडून, भान हरपून प्रार्थना करत होत्या, ज्याची चर्चा जगभरच्या मिशनांत झाली. तर्कवाल्यांना केडगावच्या रमाबाई अवघड जातात, चंगाईवाल्यांना चेल्टनहॅमच्या. मला दोन्ही हव्यात.

कोणी म्हणेल, ती पत्रं खाजगी होती, त्याच वेळी पुण्यात छापली असती तर विरोधकांनी उत्सव केला असता. कबूल. म्हणून वर्तमानपत्रात जा, असं मीही म्हणत नाही. पण ज्यांच्या हाताखाली बाप्तिस्मा घेतला, ज्यांचं अन्न खाल्लं, त्यांच्यापासून रमाबाईंनी शंका लपवली नाही. घरातल्या घरात तरी खरं बोलावं, एवढंच मागणं आहे.

आता त्या प्रचारकाच्या वाक्याकडे येऊ. त्याच्याकडे वचन आहे, नाही असं नाही. बायबलातल्या याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील, असं म्हटलंय. पण तिथे प्रार्थना करायची कोणी? मंडळीच्या वडिलांनी, आजाऱ्याकडे जाऊन. मग विश्वास मोजायचाच असेल तर डोक्यावर हात ठेवणाऱ्याचा मोजा. खाटेवरच्या पोराचा आणि त्याच्या आईचा कशाला? मार्कच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातला, आजारी मुलाला घेऊन आलेला बाप तर येशूच्या तोंडावर सांगतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. दोन्ही एका दमात. येशू त्याला आधी विश्वास पक्का करून ये म्हणत नाही, मुलाला बरं करतो. आणि गेथशेमाने बागेत स्वतः येशूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून तीनदा विनवलं, तो टळला नाही. तिथे कोणाचा विश्वास कमी पडला म्हणायचं?

इथल्या माझ्या इंग्रज मित्रांची चूक याच्या उलट बाजूला आहे, असं मला वाटतं. त्यांना शंकेचं समाधान आधी हवं, प्रार्थना नंतर. समाधान होत नाही आणि प्रार्थनेची सवय जाते. मग आई गेली, नोकरी गेली, की राग कोणावर काढायचा ते त्यांना कळत नाही. तक्रार करायलाही समोर कोणीतरी लागतं. इथल्या इस्पितळांत चॅप्लेन, म्हणजे रुग्णांना धीर देणारे पाळक, असतात. धर्म नाही असं फॉर्मवर लिहिणारी माणसंही शेवटच्या रात्री त्यांना बोलावतात. याला मी श्रद्धेचा विजय वगैरे म्हणणार नाही. माणसाला बोलायचं असतं, आणि काही बोलणी माणसाशी पुरी होत नाहीत. बायबलातलं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत गाऱ्हाणं आहे, शेवटी उजेडाची एक रेघही नाही, तरी ते देवालाच उद्देशून आहे आणि शास्त्रात आहे. आमच्या मंडळीत मी ते मोठ्याने वाचलेलं कधी ऐकलं नाही.

माझं कोणी ऐकणार असेल तर म्हणणं इतकंच आहे. त्या प्रचारकाने आईवडिलांच्या घरी जाऊन माफी मागेपर्यंत त्याला व्यासपीठ देऊ नये. साक्षीच्या वेळेत, बरे झालेल्यांच्या रांगेतच, त्या आईला बोलायचं असेल तर बोलू द्यावं आणि तिचं झाल्यावर पाळकांनी ‘पण देव चांगला आहे’ अशी पुस्ती जोडू नये. एकीला बोलू दिलं तर घरोघरची माणसं उठतील, अशी कमिटीला भीती आहे म्हणे. उठू देत. रविवारची वेळ पुरली नाही तर बुधवारची घरगुती प्रार्थना आहेच.