विसाव्याची वेळ सर्वांनी मिळून ठरवावी लागेल

विश्रांतीसाठी वेळ काढला पाहिजे, हे आता कोणाला पटवून द्यावे लागत नाही. तरीही तो वेळ निघत नाही, आणि त्याचे खापर आपण स्वतःच्या निर्धारावर फोडतो. सकाळी उठल्याबरोबर फोन पाहणार नाही, रात्री दहानंतर हातात घेणार नाही, असे संकल्प घरोघरी होतात आणि आठवडाभरात विरून जातात. माझे स्पष्ट मत असे आहे की हा प्रश्न एकेकट्या माणसाच्या मनोबलावर सोडून सुटणारा नाही. पूर्वी विसाव्याच्या वेळा सर्वांच्या सामाईक होत्या. त्या तशा पुन्हा सामाईक कराव्या लागतील.

असे म्हणण्यास मला धीर येतो तो सांगली जिल्ह्यातील एका गावामुळे. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव हे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव. करोनाच्या काळात शाळा बंद पडल्या, वर्ग मोबाईलवर भरू लागले आणि ज्या घरांत मुलांच्या हाती फोन देण्याची पद्धत नव्हती तिथेही तो द्यावा लागला. शाळा पुन्हा उघडल्या, पण मुलांचे लक्ष वाचन-लेखनात पूर्वीसारखे लागेना, हे शिक्षकांच्या ध्यानात आले. सरपंच विजय मोहिते आणि गावकऱ्यांनी यावर विचार करून ठराव केला आणि १५ ऑगस्ट २०२२ पासून तो अमलात आणला. संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि घरातले दूरदर्शन संच व मोबाईल बंद होतात. साडेआठला तो पुन्हा वाजतो, तेव्हा ज्याला हवे त्याने ते सुरू करावेत. मधल्या दीड तासात मुले अभ्यास करतात, मोठी माणसे वाचतात किंवा एकमेकांशी बोलतात. सुरुवातीला गावातील पुरुष या कल्पनेला हसले होते, तर आपण मालिका फार पाहतो हे बायकांनी मोकळेपणाने मान्य केले होते. आशा स्वयंसेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघरी गेले, लोकांना समजावत राहिले, आणि त्यातून ती सवय गावात रुजली.

या उपक्रमाचे कौतुक पुष्कळ झाले. ते बहुधा मुलांच्या अभ्यासाच्या अंगाने झाले. मला त्यातली वेगळी गोष्ट अधिक मोलाची वाटते. सात वाजता फोन बाजूला ठेवणाऱ्या माणसाला तिथे काहीही चुकल्यासारखे वाटत नाही, कारण त्याच वेळी शेजाऱ्याचा, भावाचा, मित्राचाही फोन बंद असतो. शहरात मी एकट्याने रात्री नऊला फोन बंद केला, तर नातेवाइकांच्या गटात चाललेले बोलणे, कार्यालयातून आलेला निरोप, शाळेने पाठवलेली सूचना हे सर्व माझ्यावाचून पुढे जाते, आणि त्याची रुखरुख विश्रांतीला लागूनच राहते. नुसते हात मोकळे होऊन विसावा मिळत नाही. या घटकेला आपल्याकडून कोणाची काही अपेक्षा नाही, ही खात्री मनाला असावी लागते. ती खात्री भोंग्याने संपूर्ण गावाला एकदम दिली.

निर्धार कमी पडतो यामागे आणखी एक कारण आहे, आणि ते पडद्याच्या पलीकडचे आहे. अझा रास्किन या अमेरिकी रचनाकाराने २००६ मध्ये पडदा सरकवत राहिले की पुढचा मजकूर आपोआप येत राहील अशी सोय तयार केली. तोपर्यंत पान संपत असे आणि पुढे जायचे की नाही हे वाचणाऱ्याला तिथे ठरवावे लागत असे. तो ठरवण्याचा क्षणच या सोयीने काढून टाकला. पुढे रास्किन यांनी स्वतः याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. नेटफ्लिक्सचे तेव्हाचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी २०१७ मध्ये, आमची स्पर्धा झोपेशी आहे, अशा आशयाचे विधान केले होते. छापील वर्तमानपत्र शेवटच्या पानाशी थांबते, आकाशवाणीची सभा ठरल्या वेळी संपते. रीलला मात्र शेवट नाही. एका बाजूला हुशार माणसांचे ताफे, त्यांच्या हाताशी आपल्या प्रत्येक सवयीची नोंद, आणि दुसऱ्या बाजूला दिवसभर दमून आलेला एक माणूस, असा हा सामना आहे. त्यात तो माणूस हरला तर त्याला आळशी किंवा दुबळा म्हणणे अन्यायाचे आहे.

सामाईक वेळ ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. तिन्हीसांजेला दिवा लावून शुभंकरोती म्हणण्यापुरते घर एका जागी येत असे. उन्हाळ्याच्या दुपारी सबंध आळी निजलेली असे आणि त्या वेळी कोणाच्या दाराची कडी वाजवणे शिष्टाचाराला सोडून मानले जाई. जेवणानंतर ओट्यावर किंवा पारावर बसण्यासाठी कोणाला आमंत्रण लागत नसे. त्या काळात सर्व काही चांगले होते असे मी म्हणणार नाही. ओट्यावर बसणारे बहुतांशी पुरुष होते आणि त्या वेळी घरातील बाई भांडी घासत असे. नव्याने वेळ ठरवताना हे विसरून चालणार नाही. संध्याकाळी सात ते साडेआठ हा बहुतेक घरांत भाकरी-भाजीचा वेळ आहे. ज्या बाईला मालिकेच्या अर्ध्या तासातच काय ती बैठक मिळत होती, तिची मालिका बंद करून तिला पुन्हा स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभे करायचे असेल, तर तिच्या बाबतीत ती विश्रांती नव्हेच. पडदा बंद झाल्यावर मोकळे झालेले हात स्वयंपाकघरात आले पाहिजेत, हा त्या ठरावाचाच भाग असायला हवा.

नोकरीच्या बाबतीत तर एकट्याने काही करणे जवळपास अशक्य आहे. साहेबांचा निरोप रात्री साडेदहाला आला की कनिष्ठाने तो पाहिला आहे, हे दोन निळ्या खुणा सांगतात आणि न पाहण्याची सोय राहत नाही. फ्रान्सने १ जानेवारी २०१७ पासून, पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना, कामाच्या वेळेबाहेर संपर्कातून मुक्त राहण्याच्या हक्काबद्दल कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी करणे बंधनकारक केले. ऑस्ट्रेलियात असा हक्क २६ ऑगस्ट २०२४ पासून लागू झाला. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी याच विषयावरचे खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने आणलेले विधेयक, २०१८ मध्ये लोकसभेत मांडले होते. १९७० नंतर आपल्या संसदेत एकाही खासगी विधेयकाचा कायदा झालेला नाही, त्यामुळे केवळ त्यावर विसंबून राहता येणार नाही. पण कार्यालयाने स्वतःपुरता नियम करायला कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. रात्री सुचलेला निरोप सकाळी पाठवता येतो. अत्यावश्यक असेल तर थेट फोन करावा, म्हणजे अत्यावश्यक खरोखर किती असते हेही सर्वांना कळेल.

इगतपुरीच्या धम्मगिरीत दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जाणाऱ्यांना फोन आधी जमा करावा लागतो आणि मौन पाळावे लागते. तिथून परतलेल्यांच्या चेहऱ्यावरचा शांतपणा मी जवळून पाहिला आहे आणि त्याबद्दल मला आदर आहे. परंतु सलग दहा दिवस घर आणि काम सोडणे किती जणांना परवडते? रोज मिळणारा एक तास सर्वांच्या आवाक्यातला आहे, म्हणून माझा ओढा त्याकडे अधिक आहे.

आमच्या सोसायटीच्या येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय मी मांडणार आहे. सोमवार ते गुरुवार, रात्री नऊ ते दहा, स्वयंपाक आणि जेवणे आटोपल्यानंतरचा एक तास. या वेळेत सोसायटीच्या गटावर कोणी काही टाकणार नाही, गच्ची आणि खालचा बाक सर्वांसाठी खुला राहील, आणि येणे सक्तीचे नसेल. फोन उचलण्यास मनाई नसावी, असे माझे आग्रहाचे मत आहे. इमारतीतल्या अनेक आजी-आजोबांची मुले अमेरिकेत आहेत आणि आपली रात्र ही तिथली सकाळ असते. नातवाशी बोलणे हा त्यांचा खरा विसावा आहे आणि तो कोणत्याही नियमाने हिरावून घेऊ नये. दारोदार जाऊन तपासणी करणारी समिती मला शहरात योग्य वाटत नाही. गावात एकमेकांना ओळखणारी माणसे एकमेकांना टोकू शकतात, इथे त्याचे भांडण होईल. ज्यांच्या गावात, वाड्यात किंवा सोसायटीत असे काही सुरू आहे, त्यांनी कोणती वेळ निवडली आणि घरकाम कसे वाटून घेतले, हे मला अवश्य कळवावे. सभेपूर्वी ते हाती आले तर प्रस्तावात तशी दुरुस्ती करता येईल.