पुनरुत्थान म्हणजे फक्त आत्म्याचं अमरत्व नव्हे

ख्रिस्ती पुनरुत्थानावरच्या एका लेखात पुनरुत्थानाचा अर्थ ‘मेल्यावर आत्मा स्वर्गात जातो’ एवढाच दिलाय, तो अपुरा आहे. ख्रिस्ती श्रद्धा शरीराच्या पुनरुत्थानाची, म्हणजे मेलेल्यांना देव शरीरासह पुन्हा उठवेल याची आहे, आणि रोजच्या जगण्यातला फरक तिथूनच पडतो.

बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा (प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्राचा) 15वा अध्याय पाहा. पुनरुत्थानावर तब्बल 58 वचनं, शेवटी ‘तुमचे श्रम व्यर्थ नाहीत’ असा दिलासा. आणि लगेच पुढचा विषय काय, तर वर्गणी! दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने कमाईच्या मानाने काही बाजूला ठेवावं, म्हणजे पौल आल्यावर ऐनवेळी गोळा करायला नको. अध्याय नंतर पाडले गेले. मूळ पत्रात हे सलगच येतं. पहिला दिवस म्हणजे रविवार, येशूच्या पुनरुत्थानाचाच वार. शरीराबद्दलही तेच: सहाव्या अध्यायात व्यभिचार टाळण्याचं कारण म्हणून पौल पुनरुत्थानच पुढे करतो.

घोळ होतो तो शोकाच्या घरी. ‘विश्वास आहे ना, मग रडता कशाला?’ हे तिथे बोलूच नये. थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिताना पौल आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका म्हणतो. शोकच करू नका असं नाही. मेलेल्या मित्राला, लाजाराला, उठवायला निघालेला येशूसुद्धा आधी रडलाच की.